नववीचा वर्ग, युद्धाचा धडा आणि "मग आपण जिंकलो का, सर?"

खडू_फळा

मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत सतरा वर्षं इतिहास-भूगोल शिकवतोय. धागा काढायचं बरेच दिवस डोक्यात होतं, आज दिवाळीची सुट्टी लागली म्हणून बसलो.

नववीच्या राज्यशास्त्राचा पहिलाच धडा 'महायुद्धोत्तर राजकीय घडामोडी'. नावातच 'उत्तर' असल्यामुळे दोन्ही महायुद्धं थोडक्यात उरकतात आणि धडा शीतयुद्धाकडे वळतो. मीही सोळा वर्षं तसंच उरकलं. कारणं, परिणाम, राष्ट्रसंघ, संयुक्त राष्ट्रे, फळा पूस.

यंदा, म्हणजे २०२५च्या जूनमध्ये, शाळा उघडली तेव्हा ते जमेना. पोरांनी अख्खा मे महिना मोबाइलवर काढलेला. पहलगाम, सिंदूर, ड्रोन, एस-४००. ज्या पोराला पहिल्या महायुद्धाचं साल तीनदा सांगून लक्षात राहत नाही, त्याला ब्राह्मोसचा पल्ला तोंडपाठ. युद्ध म्हणजे क्रिकेटचा सामना, फक्त आवाज मोठा. ओरडून उपयोग नव्हता, म्हणून पुस्तक मिटलं आणि वर्ग घेऊन गावात गेलो.

आमच्या शाळेच्या गावात चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. साताऱ्यात, कोकणात पुष्कळ गावांत आहेत अशा. इंग्रजीत मजकूर: या गावातून इतकी माणसं १९१४-१९१९च्या महायुद्धाला गेली, पैकी इतक्यांनी प्राण दिले. बस, दोन आकडे. (आकडे सांगत नाही, जाणकार गाव ओळखतील.) पोरं रोज त्या भिंतीला सायकली टेकवतात, पण पाटी एकानेही वाचलेली नव्हती. मी तरी कुठे वाचली होती धड!

पहिला प्रश्न एका मुलीचा. "सर, युद्ध १९१८ला संपलं म्हणालात, मग इथे १९१९ कसं?" सोळा वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. ११ नोव्हेंबर १९१८ला तोफा थांबल्या, व्हर्सायचा तह २८ जून १९१९चा. मधल्या काळात आपली माणसं इराकमध्येच होती. लढाई थांबणं आणि माणूस घरी येणं या दोन वेगळ्या तारखा असतात, हे त्या चावडीसमोर उभं राहून मलाच पहिल्यांदा कळलं.

मग तिथेच पायरीवर बसून इराकमधल्या कुत-अल-अमाराची गोष्ट सांगितली. सहावी पुणे डिव्हिजन, सेनापती टाउनशेंड, बगदादच्या वाटेवरून मागे हटून टायग्रिसच्या वळणावरच्या त्या गावात अडकली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, तुर्कांचा वेढा. अन्न संपलं. घोडे, खेचरं कापायला लागले, तेव्हा आपल्याकडच्या पुष्कळ शिपायांनी ते मांस खायला नकार दिला. गावात बार्ली सापडली, पण दळायला काही नाही. तेव्हा विमानातून जात्याचे दगड खाली टाकले.

जातं म्हटल्यावर पोरं सरसावून बसली. विमानातून जातं! शेवटी सुमारे १३ हजार माणसं शरण गेली. तिथून वाळवंटातून पायपीट, कैद, रेल्वेच्या कामावर मजुरी, हजारो वाटेतच मेले.

आणि मागून तो ब्राह्मोसवाला पोरगा, अगदी मनापासून: "मग आपण जिंकलो का, सर?"

तीन वाक्यं सुरू केली, एकही पुरं झालं नाही. 'आपण' म्हणजे कोण? पलटण आपली, राज्य इंग्रजांचं, समोर तुर्क, ज्यांचं आपल्याशी काही वाकडं नव्हतं. पाटी लावणारेही इंग्रजच. तेवढ्यात मधल्या सुट्टीची वेळ झाली आणि मी सुटलो.

तुम्ही काय उत्तर दिलं असतं? शिक्षक असाल तर युद्ध कसं शिकवता, आणि नसाल तर तुम्हाला कसं शिकवलं होतं?

मोजपट्टी

सर, लेखन छान, पण जमिनीवर या. इतिहास-राज्यशास्त्र मिळून ४० गुण, भूगोल ४०, अंतर्गत २०. चावडीवर दोन तासिका गेल्या की संयुक्त राष्ट्रे कधी शिकवणार? पेपरला 'शीतयुद्ध : टीप लिहा' येतं, 'विमानातून जातं का टाकलं' येत नाही. मी पंचवीस वर्षं पेपर तपासतोय. पोरं टिपेत काय लिहितात ते तुम्हालाही माहीत आहे.

बाकावरचा_शेवटचा

मी यंदा बारावीला. आम्हाला युद्धातलं एवढंच आठवतं: ताश्कंद करार १९६६, सिमला करार १९७२. कशासाठी केले विचाराल तर 'शांततेसाठी'. दोन्हीला तेच उत्तर लिहिलं होतं, दोन्हीला गुण मिळाले.

मोजपट्टी

@बाकावरचा_शेवटचा, बाळा, तो पेपर मी तपासला नसावा.

नाना_हवालदार

राम राम मंडळी. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर. आता गावाकडे ऊस आणि दोन म्हशी. पोरगी हे संस्थळ वाचते, तिने दाखवलं म्हणून लिहितो, चुकभूल द्यावी घ्यावी.

दरवर्षी २६ जुलैला, कारगिल विजय दिनाला, कुठली ना कुठली शाळा प्रमुख पाहुणा म्हणून बोलावते. नारळ, शाल, भाषण. मग पोरांचे प्रश्न. पहिला प्रश्न ठरलेला: "सर, तुम्ही किती मारले?" बाई लगेच त्याला दटावतात. मी म्हणतो, दटावू नका, त्याने बघितलंय तेच विचारणार. मग मी पाण्याचं सांगतो. वर सगळीकडे बर्फ, प्यायला पाणी नाही. बर्फ वितळवायला रॉकेल लागतं, आणि ते रॉकेल माणसाच्या पाठीवरून वर येतं. एक मग पाण्यामागे किती माणसं किती तास चढली, याचा हिशेब पोरांना घालतो. दहा मिनिटांत वर्ग गप्प होतो. नंतर कोणी 'किती मारले' विचारत नाही, 'अंघोळ कधी केली' विचारतात.

आता सरांच्या प्रश्नाबद्दल. आम्ही फौजेत 'आपण जिंकलो' असं म्हणत नव्हतो. 'आम्ही' म्हणायचो. आमची कंपनी, आमची पोस्ट. सुट्टीवर आलो की गावात पारावर माणसं म्हणायची, "आपण त्यांना धूळ चारली." मी मनात म्हणायचो, आपण कोण? तू इथे चहा पीत होतास. राग नव्हता, हसू यायचं. पण नंतर कळलं, त्या माणसाच्या 'आपण'मध्ये मलाही धरलेलं आहे, प्रेमानेच. माझ्या 'आम्ही'त मात्र त्याला जागा नव्हती. मराठीत हे दोन शब्द आहेत ते बरं आहे. हिंदीत एकच 'हम', त्यात सगळे कोंबावे लागतात.

कुतला गेलेल्या शिपायाला विचारलं असतं तर तो 'आम्ही' म्हणाला असता, आणि त्या 'आम्ही'त पलटण आली असती. इंग्रज साहेब आला असता का, ते ज्याचं त्याला माहीत. आणि एक सांगतो, त्यांना भाडोत्री म्हणू नका वर्गात. पोट आणि इज्जत दोन्हींसाठी माणूस भरती होतो. आजही.

जाईजुई

नानांचा प्रतिसाद दोनदा वाचला. आता माझं सांगते. बरीच वर्षं मनात आहे, कुठे लिहिलं नव्हतं.

मीही शिक्षिका, निमशहरी गाव, मिश्र वस्ती. नववीच्या इतिहासात १९६० नंतरचा भारत आहे, त्यामुळे ६५ आणि ७१ येतात. ६५चं युद्ध शिकवायला घेतलं की वर्गात एक गोष्ट घडायची, जी मी कितीतरी वर्षं पाहून न पाहिल्यासारखी केली. 'पाकिस्तान' शब्द आला की वीस-पंचवीस माना एका बाकाकडे वळायच्या. कोणी काही बोलत नसे. त्या बाकावरचा मुलगा पुस्तकात डोकं घालायचा. दरवर्षी मुलगा वेगळा, बाक वेगळा. माना तशाच.

मग मला उपाय सुचला, असं मला वाटलं. मी अब्दुल हमीद सांगायला लागले. सप्टेंबर १९६५, खेमकरण, जीपवरची रिकॉइललेस तोफ, एकामागून एक उडवलेले पॅटन रणगाडे, मरणोत्तर परमवीर चक्र. रंगवून सांगायचे. वर्ग टाळ्या वाजवायचा, माना पुन्हा त्या बाकाकडे वळायच्या, पण आता हसतमुख. मला वाटायचं, काम झालं.

एका वर्षी तास संपल्यावर तसा एक मुलगा वह्या गोळा करून स्टाफरूममध्ये आला. वह्या ठेवल्या आणि सहज म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही ७१चे परमवीर अल्बर्ट एक्का सांगितले, तेव्हा कोणाकडेच नव्हतं बघितलं कोणी." आणि गेला. मी वह्यांकडे बघत बसले. बाकी चाळीस जणांना न मागितलेलं प्रमाणपत्र मी त्याला वर्गासमोर देत होते, आणि वर टाळ्या.

आता अब्दुल हमीद सांगते, पण इतरांसारखाच सांगते. नाव, पद, कुठल्या सेक्टरला, काय केलं. आवाज चढवत नाही. माना वळतात अजून, कमी वळतात असं मला वाटतं. नक्की सांगता येणार नाही.

तर सर, तुमच्या ब्राह्मोसवाल्याचं 'आपण' कोणाला आत घेतं हा प्रश्न आहेच, पण वर्गात बसलेल्यांपैकी ते कोणाला बाहेर ठेवतं, हेही एकदा बघा.

खडू_फळा

जाईजुई, यावर लगेच काही लिहित नाही. आमच्याही वर्गात एक बाक आहे.

धोरणी

सगळ्यांचे गहिवर वाचले. थोडं थंड पाणी ओततो.

शाळेत युद्ध शिकवण्याचा हेतू नागरिक तयार करणं हा आहे. चौदा वर्षांच्या पोराला 'आपण म्हणजे कोण' असल्या पेचात टाकलं की त्याचा गोंधळच होणार. १९४८, ६२, ६५, ७१, ९९ यात भारत कुठे चुकला, कुठे बरोबर होता, हे त्याला आधी स्वच्छ कळू दे. संशय घ्यायला कॉलेज आहे. शेजारी देशातल्या पाठ्यपुस्तकांत आपल्याबद्दल काय लिहितात ते बघा, आणि मग आपणच आपल्या पोरांना प्रश्नचिन्हं वाटत बसा!

इसारकाठची

धोरणी, मी म्युनिकला राहते, मुलगी इथे शाळेत जाते. इथली पद्धत सांगते, घ्यायचं नसेल तर सोडून द्या.

१९७६ साली स्टुटगार्टजवळच्या बॉयटल्सबाख गावात राज्यशास्त्र शिकवणारे वेगवेगळ्या राजकीय मतांचे लोक जमले होते. त्यातून तीन साधे नियम निघाले, ते आजही इथले शिक्षक पाळतात किंवा पाळायला बघतात. एक, शिक्षकाने स्वतःचं मत विद्यार्थ्याच्या गळी उतरवायचं नाही, त्याला भारावून टाकायचं नाही. दोन, जे बाहेर समाजात वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं. तीन, विद्यार्थ्याला स्वतःचं हित ओळखता येईल आणि त्यासाठी काही करता येईल एवढं त्याला सक्षम करायचं.

यातलं 'भारावून टाकायचं नाही' मला आधी पटत नव्हतं. भारावल्याशिवाय इतिहास कसला? आमच्या गुरुजींनी पावनखिंड सांगितली तेव्हा आम्ही सगळे रडलो होतो आणि ते अजून आठवतं. मग लेकीचा नववीचा वर्ग दाखाऊला गेला. १९३३ला सुरू झालेली छळछावणी, आमच्या घरापासून लोकलने जाता येतं. मला वाटलं, आता पोरगी रात्री झोपणार नाही. परत आल्यावर शिक्षिकेने कोणालाही 'कसं वाटलं' विचारलं नाही. गृहपाठ असा होता: छावणीत पाव कुठून येत असेल? पोचवत कोण असेल? गावातल्या कोणाकोणाला काय काय दिसत असणार? लेक दोन दिवस नकाशा घेऊन बसली होती. आणि मग तिसऱ्या दिवशी रडली, घरी, माझ्याजवळ. शाळेने रडवलं नाही.

२००६मध्ये जर्मनी आणि फ्रान्सने मिळून इतिहासाचं एकच पाठ्यपुस्तक काढलं, दोन्ही देशांत तेच. सगळ्या शाळांनी ते उचललं असं मुळीच नाही. पण निघालं.

धोरणी

तुलनाच चुकीची आहे. जर्मनीने गुन्हा केला, म्हणून त्यांची पोरं छावण्या बघतात. आपण बचावाची युद्धं लढलो. आपल्या पोरांनी कशाची लाज बाळगायची?

इसारकाठची

लाजेचा शब्दही मी काढला नव्हता. पाव कुठून येतो हा प्रश्न नानांच्या रॉकेलसारखाच आहे, तो बचावाच्या युद्धातही विचारता येतो.

व्यवस्थापक

दोन प्रतिसाद उडवले आहेत. पक्षीय राजकारणासाठी वेगळा विभाग आहे. इथे शाळेबद्दल बोला.

दोन_मुलांची_आई

जरा वेगळी तक्रार. मुलाच्या शाळेत (नाव नको) ६ ऑगस्टला हिरोशिमा दिन. सहावीपासून सगळ्या मुलांना हॉलमध्ये बसवून, काही न सांगता सवरता पडद्यावर भाजलेल्या माणसांचे फोटो. माझा सहावीतला मुलगा आठवडाभर दिवा लावून झोपला. बरं, एवढं दाखवल्यावर काही बोलले असतील, तर नाही. लगेच पोस्टर स्पर्धा! विषय 'अणुयुद्ध', रंग आपापले आणायचे. शेजारच्या मुलीला पहिलं बक्षीस, 'ढग फार सुंदर आलाय' म्हणून. मी मुख्याध्यापकांना भेटले तर म्हणाले, "मुलांना वास्तव कळायला हवं." कळलं ना, नारिंगी रंग जास्त लागतो हे कळलं.

बाकावरचा_शेवटचा

ढग फार सुंदर आलाय _/\_

गंगावेश

आमच्या कोल्हापूरकडचं उदाहरण देतो, धोरणींनाही चालेल असं. यात कोणाची लाज नाही.

गांधीनगर माहीत असेल. लग्नाचा बस्ता बांधायला अर्धा जिल्हा तिथे जातो. मी शिकवणी घेतो (शिक्षक नाही, साधा क्लासवाला) आणि पोरांना पहिला प्रश्न हाच टाकतो: गांधीनगरात एवढे सिंधी व्यापारी कसे आले? उत्तर येतं, फाळणी. बरोबर. मग विचारतो, ते येऊन राहिले कशात? तिथे आधीच बांधलेल्या बराकी होत्या. कोणासाठी बांधल्या होत्या?

पोलंडच्या लोकांसाठी. १९३९ला हिटलर पश्चिमेकडून आणि स्टालिन पूर्वेकडून पोलंडमध्ये घुसले. पूर्वेकडच्या लाखो लोकांना उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेलं. पुढे ते सुटले, इराणमार्गे बाहेर पडले आणि त्यातले सुमारे पाच हजार, बहुतेक बायका-पोरं, १९४३ ते ४८ आमच्या वळिवड्याच्या, म्हणजे आजच्या गांधीनगरच्या, कॅम्पात राहिले. शाळा, चर्च, दवाखाना, सगळं होतं. वॉर्सॉमध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, २०२४ला पंतप्रधान तिथे जाऊन आले तेव्हा आमच्याकडे पेपरात पहिल्या पानावर होतं.

म्हणजे बराकी त्याच. एका युद्धाची माणसं गेली आणि फाळणीची आली. हे सांगितल्यावर एका पोराने विचारलं, "पोलंडवाले गेले तेव्हा भांडी नेली का इथेच ठेवली?" मला माहीत नव्हतं. पण मला तो प्रश्न फार आवडला. महायुद्धाचे परिणाम पाच मुद्द्यांत लिहिणाऱ्याला असा प्रश्न पडत नाही.

भायखळा_लोकल

मुंबईकरांनी एवढं लांब जायची गरज नाही. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, 'फोर्ट स्टिकीन' जहाज. एकाच जहाजात कापसाच्या गासड्या, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. असली भरताड युद्धाच्या घाईतच होऊ शकते. कापसाला आग लागली, विझवायला माणसं गेली आणि दारूगोळा उडाला. एकट्या अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली. युद्धकाळ, त्यामुळे बातम्यांवर सेन्सॉर. सोन्याची वीट उडून पार लांब कोणाच्या घराचं छप्पर फोडून आत पडली असं सांगतात.

दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो तो यामुळे. शाळेत तेव्हा सिलिंडर कसा विझवायचा ते दाखवतात, पण तारीख का ते सांगत नाहीत. शिवाय १४ला आंबेडकर जयंतीची सुट्टी, आणि एकीकडे वार्षिक परीक्षा. राहूनच जातं.

मोजपट्टी

वळिवडे माहीत नव्हतं, आणि मी सांगलीचा. वाखूसा (वाचनखूण साठवली).

तरी एक सांगतो. मी विरोधक नाही. पण हे सगळं 'शिक्षकाला वेळ आणि वेड असेल तर' या सदरातलं आहे. अंतर्गत २० गुणांत प्रकल्प आहे, तिथे बसवा. आमच्याकडे प्रकल्प म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातून आणलेले नेत्यांचे फोटो चिकटवलेली वही. त्याऐवजी 'आमच्या गावातली युद्धाची एक खूण' ठेवलं तर गुणही देता येतील आणि पोर्शनही अडणार नाही. वीर यशवंत घाडगे यांचा पुतळा माणगावला आहे. इटलीत टायबरच्या खोऱ्यात जुलै १९४४मध्ये पडले, व्हिक्टोरिया क्रॉस. मुंबई-गोवा रस्त्याने जाणारे किती जण थांबून वाचतात? पुण्यात खडकीचं युद्ध-स्मशान आहे. सुरुवात तिथून करता येईल.

धोरणी

प्रकल्पाची सूचना पटली. फक्त एक अट, खुणेबरोबर तो माणूस का लढला हेही मुलाने लिहावं. नुसतं दुःख नको.

नाना_हवालदार

धोरणी साहेब, का लढला हे त्याच्या घरच्यांनाही माहीत नसतं कधी कधी. पण अट बरोबर आहे. शोधू दे पोराला.

खडू_फळा

सुट्टी संपून शाळाही सुरू झाली, आता सविस्तर.

धाग्यात लिहिलं नव्हतं, कारण ते पुरं झालं नव्हतं. चावडीवरून परतल्यावर पोरांचा मुख्य आक्षेप 'जिंकलो का' हा नव्हताच. तो होता 'नावं का नाहीत?' पाटीवर नुसते आकडे. मी त्यांना बसऱ्याच्या स्मारकाचं सांगितलं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मेलेल्या चाळीस हजारांवर लोकांचं ते स्मारक. इंग्रजांची नावं कोरली, आपल्यातल्या अधिकाऱ्यांचीही कोरली, शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा. पहिल्या महायुद्धाला इथून सुमारे १३ लाख माणसं गेली, ७४ हजारांच्या आसपास मेली. आमच्या चावडीवरचे दोन आकडे म्हणजे त्याच हिशेबाचं लहान रूप. पोरं चिडली. मला बरं वाटलं, कारण पहिल्यांदाच ती योग्य गोष्टीवर चिडली होती.

मग काम दिलं: घरी विचारा. आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी ती १९१९वाली मुलगी म्हणाली, "सर, आमच्या देवघरात एक रुपया आहे, मोठा. आजी म्हणते तो लढाईचा आहे."

तिच्या घरी गेलो. देवघरात टाकांच्या ताटलीत खंडोबा, भवानी, आणि त्यांना टेकून ठेवलेलं चांदीचं पदक. ब्रिटिश वॉर मेडल. एका बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा आणि त्याच्या गालावर पिढ्यान्‌पिढ्यांचं हळदकुंकू. दसऱ्याला सगळ्या टाकांबरोबर त्यालाही दह्याने घासून स्नान. या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते हे मला माहीत होतं, पण कड कुंकवाने भरलेली. आजींना विचारलं, साफ करू का? म्हणाल्या, "देव आहे तो, हात धुऊन घ्या." हात धुतले. मुलीने जुन्या टूथब्रशने कड घासली, मी मोबाइलचा टॉर्च धरला. एकेक इंग्रजी अक्षर वर आलं. नावाचं स्पेलिंग कुठल्या कारकुनाने केलं होतं देव जाणे, तीनदा मोठ्याने वाचल्यावर आजी एकदम म्हणाल्या, "अगं, हे तर आमच्या मामंजींच्या वडिलांचं!" पुढे पलटण: ११० मराठा.

११० म्हणजे कुतवाली. तो स्वतः वेढ्यात होता की मागाहून भरती झाला हे नुसत्या कडेवरून ठरत नाही, तसं मुलीला सांगितलं. मग आजींना विचारलं, त्यांच्याबद्दल घरात काही सांगायचे का? हसल्या. "काय सांगणार? आला तेव्हा तोंडाचं बोळकं होतं म्हणे. तिशीचा माणूस आणि दात नाहीत. घरात बोळका आजाच म्हणायचे. मटण केलं की त्याची चेष्टा."

कुतमध्ये भाजी नव्हती आणि घोड्याचं मांस आपल्या लोकांनी बराच काळ खाल्लं नाही. त्यामुळे भारतीय शिपायांत स्कर्व्ही फार पसरला होता. हिरड्या सुजतात, रक्त येतं, दात पडतात. मी तसं सांगितलं. ठामपणे नाही, असू शकेल म्हणून. आजी जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग पदक उचललं, पुसलं, आणि टाकांच्या शेजारी न ठेवता मधोमध ठेवलं.

वर्गात मुलीने हे सगळं सांगितलं. ब्राह्मोसवाल्याने हात वर केला. मला वाटलं, आता पुन्हा जिंकलो का. त्याने विचारलं, "तो काय म्हणायचा, आपण का आम्ही?" (नानांचा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवला होता, परवानगी न घेता. माफी असावी.) मुलगी म्हणाली, "आजी म्हणते तो त्यावर बोलायचाच नाही."

@मोजपट्टी, प्रकल्प म्हणून बसवला. @जाईजुई, आमच्या त्या बाकावरच्या मुलाने त्याच्या पणजोबांचं नाव आणलंय, तेही पलटणीतले. मी आवाज न चढवता फळ्यावर लिहिलं, बाकीच्यांच्या खालोखाल. आतापर्यंत सात नावं झाली.

आता एक व्यावहारिक अडचण. कागदावर नावं लावून पाटीशेजारी चिकटवू म्हणून परवा गेलो, तर दिवाळीच्या रंगरंगोटीत ग्रामपंचायतीच्या माणसाने भिंतीबरोबर पाटीवरूनही ऑइलपेंट फिरवलाय. पिस्ता रंग. अक्षरं बुजली आहेत, आकडे अर्धेमुर्धे दिसतात. संगमरवरावरून ऑइलपेंट काढायचा कसा, कोणाला माहीत आहे का? एक जण म्हणाला ऍसिड मारा.

भायखळा_लोकल

ऍसिड अजिबात नको!! संगमरवर खाऊन टाकेल, उरलेली अक्षरंही जातील. माझा भाऊ दगडाचं काम करतो, त्याला विचारून लिहितो.

नाना_हवालदार

वाचून दाखवलं ते बरं केलं, माफी कसली. पाटीला हात लावण्याआधी ग्रामपंचायतीचं पत्र घ्या मात्र. नाहीतर नसती भानगड होईल. सरपंच ओळखीचे असतील तर मी येतो बरोबर, शाल-नारळाच्या निमित्ताने.

भायखळा_लोकल

भाऊ म्हणतो: रंगाच्या दुकानात पेंट रिमूव्हर मिळतो, आधी कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागेवर लावून बघा. कापसाच्या बोळ्याने लावायचा, रंग फुगला की लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने हलक्या हाताने खरवडायचा. लोखंडी पट्टी, तारेचा ब्रश, सँडपेपर यातलं काही नको. कोरलेल्या अक्षरांत राहिलेला रंग टूथपिकने काढा. मग साध्या पाण्याने धुऊन घ्या. रिमूव्हर पोरांच्या हातात देऊ नका, तो तुम्ही लावा, हातमोजे घालून. टूथपिकचं काम पोरांना द्या.

खडू_फळा

टूथपिकला बावीस जणांनी नावं दिली आहेत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की जातोय.